मेट्रोची तिकीट गेट्स: सगळी चालू असूनही रांग का लागते?

वडाळा_साईड (धागाकर्ता)

मुंबई-पुण्यात मेट्रोचं जाळं वाढतंय, म्हणून हा धागा. सगळ्या गेटवर हिरवा बाण दिसत असतो, तरी गाडी आली की बाहेर पडायला पाच-सात जणांची रांग प्रत्येक गेटमागे लागतेच. आत शिरताना मात्र गेटवर कोणी फारसं थांबत नाही. मग गेटं कमी आहेत, संथ आहेत, की तिथली माणसं कमी पडतात? आणि निळ्या-करड्या गणवेशातली जी मंडळी रुंद गेटपाशी उभी असतात, त्यांचं नेमकं काम काय?

या क्षेत्रातल्या लोकांनी जरा आकड्यांसकट लिहा. "गर्दीच फार आहे हो" हे आम्हालाही दिसतं.

फ्लॅपवाला

आत येताना गेटवर रांग नसते, कारण ती आधीच सुरक्षा तपासणीपाशी लागून गेलेली असते. बॅग यंत्रात टाका, धातुशोधक चौकटीतून जा, हात वर करा. यातून माणसं एकेक करून गेटपाशी पोचतात. बाहेर पडताना असं गाळण कुठेच नाही, अख्खी गाडी एकदम येऊन आदळते. त्यामुळे आपल्याकडे गेटांची संख्या निर्गमनावरून ठरवावी लागते.

हिशोब मांडू. समजा एका गाडीतून ५०० जण उतरले आणि बाहेर पडायला पाच गेट्स आहेत. एका गेटमधून मिनिटाला ३० जण जातात असं धरा. पाचांतून १५०, म्हणजे ५०० जणांना ३ मिनिटं २० सेकंद. गाड्या साडेतीन मिनिटांनी येत असतील तर पुढची यायच्या आत हॉल जेमतेम रिकामा होतो.

आता एक गेट बंद पडलं. उरलेल्या चारांतून मिनिटाला १२०. साडेतीन मिनिटांत ४२० जण बाहेर, ८० शिल्लक. पुढच्या गाडीला १६०, पाचव्या गाडीला ४००. पाचपैकी एक गेट गेलं म्हणून त्रास विसेक टक्के वाढत नाही, दर गाडीला साचत जातो. वीस मिनिटांत हॉल भरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आज गर्दी जास्त आहे.

चिकू

मिनिटाला ३० हा आकडा कुठून आला? गेट बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० ते ६० असतो.

फ्लॅपवाला

माहितीपत्रकातला आकडा म्हणजे सगळ्यांकडे चालू कार्ड, हातात तयार, कोणाकडे सामान नाही, एकामागोमाग एक चालतायत. प्रत्यक्षात वेग गेटच्या मोटरवर ठरत नाही, माध्यमावर (कार्ड की क्यूआर) आणि माणसाच्या तयारीवर ठरतो.

कार्ड गेटवरच्या वाचकावर (कार्ड आणि कोड वाचणारं यंत्र) टेकलं की अर्ध्या सेकंदाच्या आत निकाल लागायला हवा. त्याहून उशीर झाला की माणसाचं पाऊल अडखळतं आणि मागचा त्याच्या पाठीवर येतो. क्यूआरचा कोड वाचला जातो झटकन, पण त्याआधी मोबाईलचं कुलूप उघडणं, ॲप उघडणं, तिकीट शोधणं, उजेड वाढवणं हे सगळं लोक गेटच्या तोंडाशी येऊन करतात. एका माणसाचे सहा-आठ सेकंद गेले की त्या गेटचे तीन-चार प्रवासी कमी झाले.

क्यूआर न वाचला जाण्याची नेहमीची कारणं: पडदा मंद, तडा गेलेली काच, आडून दिसू नये म्हणून लावलेली काळी काच, मोबाईल वाचकाला अगदी चिकटवणं (चार बोटं वर धरला तर लगेच वाचतो), आणि कागदी तिकिटाची घडी नेमकी कोडावर. ते तिकीट औष्णिक कागदावर छापलेलं असतं, घामट खिशात घडी घातली की छपाई उडते. घडी घालायचीच तर कोड सोडून घाला.

स्टेकंट्रोल

माझ्या मते या धाग्यातला खरा मुद्दा गेट-संख्येच्या पलीकडे आहे. गेट नीट चालतं ते त्याच्याशेजारच्या माणसामुळे. रांगेतल्या शंभरपैकी दोन-तीन जणांचं कार्ड किंवा तिकीट काही ना काही कारणाने नाकारलं जाणारच. तो माणूस गेटमध्येच पुन्हा पुन्हा कार्ड घासत राहिला की ते गेट तेवढा वेळ गेलं. त्याला दहा सेकंदांच्या आत बाजूला घेणारं कोणी असेल तर रांग हलती राहते. बाकी यंत्रं कितीही महागडी घ्या.

एका गेटरांगेला साधारण अशी माणसं लागतात:

रुंद गेटपाशी एक. चाकाची खुर्ची, बाबागाडी, मोठं सामान, गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हे गेट. ते साधारण ९० सेंमी रुंद असतं, बाकीची ५०-६० सेंमी. या माणसाने जागा सोडायची नाही.

ग्राहक सेवा कक्षात एक. हा कक्ष मुद्दाम हद्दीवर बांधतात, एक खिडकी आत तिकीट दाखवून आलेल्यांच्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. नाकारलेलं कार्ड इथे तपासलं जातं आणि कमी पडलेलं भाडं इथेच भरलं जातं. स्थानकाचं जे दुखणं असतं ते इथेच असतं, कारण हाच माणूस बाहेरच्या खिडकीवर तिकीटही विकतो, कार्डही भरून देतो. गाडी आली की आतल्या खिडकीला प्राधान्य, बाहेरचे दोन मिनिटं थांबतील, हे त्याला स्पष्ट सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तो बिचारा समोर जो आधी ओरडेल त्याचं काम करतो.

तिसरा फिरता. हा गेटच्या अलीकडे, आतल्या बाजूला चार-पाच पावलांवर उभा हवा. "तिकीट उघडून ठेवा, कार्ड हातात घ्या" हे सांगायची जागा ती आहे. गेटला टेकून उभा राहिला तर त्याचा उपयोग अर्धा होतो.

बहुतेक स्थानकांत गर्दीच्या वेळीसुद्धा तिसरा नसतो. शिवाय जेवणाची सुट्टी आणि पाळीबदल नेमका संध्याकाळच्या गर्दीच्या तोंडावर ठेवलेला असतो. तो अर्धा तास मागेपुढे केला तरी फरक पडतो, खर्च शून्य.

वडाळा_साईड

बाणांची दिशा बदलतात ती कोण बदलतं? सकाळी जे गेट प्रवेशाचं असतं ते संध्याकाळी निर्गमनाचं दिसतं.

स्टेकंट्रोल

स्थानक नियंत्रण कक्षातल्या संगणकावरून. प्रत्येक गेट प्रवेश, निर्गमन, दुतर्फा किंवा बंद असं ठेवता येतं. दुतर्फा कागदावर छान वाटतं, पण गर्दीत दोन्हीकडून माणसं एकाच वेळी कार्ड टेकवतात आणि समोरासमोर अडतात. दुतर्फा ठेवायचंच तर रुंद गेट आणि त्याशेजारचं एक, बस्स.

दिशा बदलताना शेजारशेजारची गेटं एका दिशेची ठेवायची. एकाआड एक आत-बाहेर केलं की हॉलमध्ये लोक एकमेकांना छेद देत चालतात. आणि ज्या जिन्याने लोक उतरतात त्याच्या थेट समोर निर्गमन ठेवलं की त्याच दोन गेटांवर गर्दी होते, टोकाचं गेट मोकळंच. तिथे दोरीचे खांब लावून ओघ पसरवावा लागतो.

थेम्सकाठ

लंडनमध्ये एक नियम पक्का आहे: गेटरांगेवर माणूस नसेल तर गेटं उघडी ठेवायची. भाडं बुडालं तरी चालेल, अडकलेल्याला मदत करायला कोणी नाही असं चालणार नाही. भुयारी स्थानकांसाठी अग्निसुरक्षेचे स्वतंत्र नियम आहेत, आधी १९८९ चे होते, त्यांच्या जागी २००९ चे आले. किमान कर्मचारी हजर नसतील तर स्थानकच बंद ठेवतात. २०१५ मध्ये भुयारी रेल्वेच्या तिकीट खिडक्या बंद केल्या तेव्हा खिडकीमागची माणसं गेटरांगेवर आणि तिकीट यंत्रांपाशी आणली.

वेगाचं म्हणाल तर तिथल्या ऑयस्टर या प्रवासी कार्डाचा व्यवहार साधारण ३५० मिलिसेकंदांत होतो. बँकेची कार्डं २०१४ मध्ये भुयारी रेल्वेवर आली तेव्हा अट घातली होती ५०० च्या आत. बँकेला विचारत बसायला तेवढा वेळ नसतो, म्हणून गेट फक्त कार्ड खरं आहे ना आणि बंदी-यादीत नाही ना एवढंच पाहतं. भाड्याचा हिशोब मागे मध्यवर्ती संगणकावर होतो.

चिकू

टोकियोत तर गेट उघडंच असतं म्हणे.

थेम्सकाठ

हो. तिथली पद्धत उलटी. पाखं (गेटच्या मिटणाऱ्या-उघडणाऱ्या फळ्या) नेहमी उघडी, चुकीचं तिकीट आलं तरच मिटतात. तिथलं सुईका हे प्रवासी कार्ड २००१ मध्ये आलं तेव्हा लक्ष्य होतं मिनिटाला ६० जण, म्हणून व्यवहार ०.२ सेकंदांत. गेटचं शरीरही लांब असतं, त्यामुळे माणूस चालत असतानाच निर्णय होतो. पण त्यामागे लोकांची रांगेची शिस्त आणि गेटशेजारच्या काचेच्या खोलीत सतत बसलेला कर्मचारी, हे दोन्ही आहे. आपल्याकडे उघडी पाखं ठेवली तर एका कार्डामागे किती जण जातील हे सांगायला नको.

फ्लॅपवाला

आपल्या गेटमध्ये त्यासाठी अवरक्त किरणांच्या जोड्या असतात. एका बाजूला सोडणारा, समोर घेणारा. किरण कोणत्या क्रमाने तुटले यावरून आत एक माणूस आहे की दोन, पुढे चाललाय की उलटा, हे गेट ठरवतं. मागे ओढलेली चाकाची बॅग बऱ्याचदा दुसरा माणूस समजली जाते आणि गेट बोंबलतं. बॅग पुढे ढकला. पावसाळ्यात लटकती छत्रीही तोच गोंधळ घालते.

लहान मुलाला घेऊन जाताना एकाच कार्डावर दोघं अरुंद गेटमधून जाऊ नका, रुंद गेट वापरा. दिल्लीत ९० सेंमीपर्यंतच्या मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट नाही. पाखं साधारण त्याच्या डोक्याच्या उंचीला येतात. पाखांपाशी सुरक्षा किरण असतात, मध्ये काही असेल तर ती मिटत नाहीत, पण धुळीने सेन्सर आंधळा झालेला असेल तर त्या भरवशावर राहू नये.

सोनटक्का

माझा प्रश्न एनसीएमसी कार्डाबद्दल (देशभर वेगवेगळ्या मेट्रो-बसला चालणारं बँकेचं प्रवासी कार्ड). मोबाईलवरून पैसे भरले, खात्यातून गेले, संदेशही येतो, तरी गेट म्हणतं शिल्लक नाही. असं का होतं?

स्टेकंट्रोल

गेटवर रोज सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या कार्डात पैसे दोन ठिकाणी असू शकतात: बँकेच्या सर्व्हरवर आणि कार्डाच्या चिपवर. गेट फक्त चिपवरचे बघतं, कारण त्याला तेवढ्या वेळात नेटवर्कवर विचारायचं नसतं. मोबाईलवरून भरलेले पैसे सर्व्हरपर्यंत पोचतात. ते चिपवर उतरवायला कार्ड एकदा खिडकीवरच्या किंवा स्थानकातल्या यंत्रावर टेकवून शिल्लक अद्ययावत करावी लागते. काही ॲपमध्ये एनएफसी (कार्ड नुसतं टेकवून वाचायची सोय) असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावूनही होतं. हे काम गेटपाशी यायच्या आधी करा. केवायसी न करता मिळणाऱ्या प्रवासी कार्डात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका वेळी ₹३,००० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, कार्ड टेकवून लगेच उचलू नका. चिपवर लिहिणं अर्धवट राहिलं तर कार्ड अधांतरी अडकतं. तसं झालं तर शेजारच्या गेटवर पळू नका, त्याच गेटवर पुन्हा टेकवा. बहुतेकदा अर्धा व्यवहार पुरा होतो.

कसारा_लोकल

हे सगळं ठीक, पण आमच्या लोकलला गेटं का नाहीत, हेही कोणीतरी लिहा. टीसी मंडळी पुलाच्या तोंडाशी उभी राहून किती जणांना धरणार?

टिळकपूल

कारणं अनेक आहेत, थोडक्यात लिहितो. लोकलची स्थानकं सगळीकडून उघडी आहेत. पूल रेल्वेचे, पण पूर्व-पश्चिम करायला अख्खं गाव वापरतं. गेट लावायचं तर आधी प्रत्येक पूल दोन भागांत तोडावा लागेल. शिवाय त्याच फलाटांवर लांब पल्ल्याच्या गाड्या, फलाट तिकीटवाले, कागदी पास, मोबाईलवरचं तिकीट, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, वातानुकूलित. माणूस कोणत्या डब्यात बसला हे गेटला कळत नाही, त्यामुळे तिकीट तपासनीस गाडीत लागणारच. आणि कोविडपूर्वी रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवासी होते. फ्लॅपवाल्यांचा वरचा हिशोब दादरच्या पुलावर मांडून बघा, दोन गाड्या एकदम लागल्या की पाच काय, पन्नास गेटं पुरायची नाहीत.

म्हणून तिथे पद्धत वेगळी: अधूनमधून एखाद्या स्थानकाचे सगळे दरवाजे एकाच वेळी धरायचे. त्याला फोर्ट्रेस चेक म्हणतात. चार-पाच जणांनी एकाच पुलावर उभं राहून उपयोग नाही, लोक दुसऱ्या टोकाने उतरतात. सगळे पूल, फलाटाचं टोक आणि कुंपणातली भगदाडंसुद्धा धरावी लागतात, सोबत रेल्वे सुरक्षा दलाचे जवान. रेल्वे कायदा १९८९, कलम १३८ खाली भाडं अधिक किमान ₹२५०. रोज गेट लावण्यापेक्षा "आज धरलं जाऊ शकतं" ही धास्ती स्वस्त पडते, असा तो व्यवहार आहे. तो पुरेसा आहे का, यावर वाद होऊ शकतो. मला नाही वाटत.

चिकू

पण कोलकाता मेट्रो तर भारतीय रेल्वेचीच आहे आणि तिथे गेटं आहेत.

टिळकपूल

बरोबर. कारण ती १९८४ पासून बंदिस्त स्थानकांची व्यवस्था आहे, वर्ग एकच. मालक कोण याचा गेटशी संबंध नाही, इमारतीचा आहे.

वडाळा_साईड

आग लागली किंवा चेंगराचेंगरीची वेळ आली तर गेटं उघडतात ना?

स्टेकंट्रोल

उघडतात, तीन मार्गांनी. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर आणीबाणीचं बटण असतं, ते दाबलं की त्या स्थानकाची सगळी पाखं एकदम आत जातात. अग्निसूचना यंत्रणेकडून इशारा आला तरी तेच. आणि वीज पूर्ण गेली, बॅटरीही संपली, तर पाखं उघडीच राहतील अशी रचना असते. यासाठी रोज पहाटे पहिल्या गाडीआधी प्रत्येक गेट चाचणी कार्डाने तपासायचं आणि आणीबाणीचं बटण ठरलेल्या दिवशी खरोखर दाबून बघायचं. नोंदवहीत नुसती खूण करायची सवय लागली की हे बटण नेमकं नको त्या दिवशी चालत नाही.

आणीबाणी नसतानाही गेटं उघडावी लागतात अशी एक वेळ म्हणजे रांग सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी पोचली की. एक मीटर रुंदीचा, सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा जिना तासाला सुमारे ६,००० माणसं आणून टाकतो, म्हणजे मिनिटाला १००. पुढे जागा नसेल तर मागचे थेट पुढच्यांच्या अंगावर. त्या क्षणी आधी जिना थांबवायचा की गेटं उघडायची यावर चर्चा करत बसायचं नाही. खाली येणाऱ्यांना जिन्याच्या वरच्या टोकाला अडवायचं, गेटं मोकळी सोडायची, आणि चालू जिना थांबवायचा तर आधी मोठ्याने सूचना देऊन. अचानक थांबवला तर तोच लोकांना पाडतो. हा निर्णय गेटवरच्या माणसाला परवानगी न मागता घेता आला पाहिजे.

फ्लॅपवाला

गेटं उघडी सोडली की खरा घोळ दुसऱ्या दिवशी होतो, तोही लिहा.

स्टेकंट्रोल

लिहितो. गेट उघडं म्हणजे कोणी कार्ड टेकवलं नाही. कार्डावर "आत आहे" ही नोंद तशीच राहते. दुसऱ्या दिवशी तो माणूस आपल्या घराजवळच्या स्थानकात कार्ड लावतो, गेट म्हणतं तू आधीच आत आहेस. अशी शेकडो कार्डं एकाच सकाळी ग्राहक सेवा कक्षावर येतात.

यासाठी मध्यवर्ती संगणकात सवलतीच्या अवस्था असतात. अमुक दिवशी अमुक स्थानकावर निर्गमनाची नोंद नसलेली कार्डं सगळ्या स्थानकांनी स्वीकारावीत, असा आदेश पाठवता येतो. तशीच वेळेची सवलत: गाडी बोगद्यात रखडली आणि लोकांची आत राहायची मुदत संपली, तर दंड न कापता सोडायचं. आणि गाड्या बंद पडल्या तर त्याच स्थानकातून परत बाहेर पडणाऱ्यांचं भाडं कापायचं नाही, ही तिसरी. अवस्था लावताना आणि काढताना दोन्ही वेळा नोंद ठेवायची. भाड्याची सवलत काढायची राहून गेली तर दुपारपर्यंत लोक फुकट फिरतात आणि ते संध्याकाळी हिशोब जुळवतानाच कळतं.

सोनटक्का, तुम्हाला "आधीच आत आहात" असं आलं तर गेटशी झगडू नका, सरळ कक्षात जा. एका टेकवण्याचं काम आहे.

सोनटक्का

कळलं. म्हणजे गेटवाल्या दादांकडे त्यांचं कार्ड लावून सोडा म्हणायचं नाही.

स्टेकंट्रोल

अजिबात नाही. त्यांनी स्वतःच्या कार्डाने रुंद गेट उघडून सोडलं तर तुमच्या कार्डाची गाठ तशीच राहते, उद्या पुन्हा अडकाल. शिवाय कर्मचारी कार्डाची प्रत्येक नोंद संगणकात वेळेसकट पडते. एकाच कार्डावर तासात चाळीस वेळा रुंद गेट उघडलेलं दिसलं की चौकशी लागते, आणि नोकरी बहुधा कंत्राटी असते.

फ्लॅपवाला

देखभालीबद्दल थोडं, कारण गेट बंद पडण्याची निम्मी कारणं क्षुल्लक असतात. क्यूआर वाचकाच्या काचेवर चरे आणि धूळ. साध्या फडक्याने कोरडी पुसली की चरे वाढतात. मऊ सूक्ष्मतंतू फडकं आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उन्नत स्थानकांत संध्याकाळचं ऊन थेट वाचकात शिरतं आणि कोड वाचला जात नाही, तिथे वर छोटी झडप लावली तरी भागतं. पाखांच्या कडेचं रबर लोक धक्का मारून फाडतात. फाटलेलं रबर फटीत अडकलं की मोटर दमते आणि गेट स्वतःला बंद करून घेतं.

एक गेट बंद पडलं तर तंत्रज्ञ येईपर्यंत वाट न बघता प्रवेशाचं एक गेट लगेच निर्गमनाला फिरवायचं. वरच्या हिशोबातले ते ८० जण त्याने वाचतात. प्रवेशाला तसंही तपासणीमुळे गेटची चणचण नसते.

टोकनवाल्या (तिकीट म्हणून प्लास्टिकची चकती देणाऱ्या) ठिकाणी आणखी एक काम होतं. बाहेर पडताना टोकन गेटच्या पोटातल्या डब्यात पडतं. सकाळी सगळी टोकनं कार्यालयांकडच्या स्थानकांत साचतात, उपनगरांतली खिडकी रिकामी. मग पोती भरून उलट न्यायची, मोजायची. डबा भरला की गेट बंद. पुणे मेट्रोने २०२२ मध्ये सुरुवातच कागदी क्यूआरने केली, ते शहाणपणाचं झालं.

कसबेकर

पुण्याचा विषय निघालाच आहे तर गणपतीत काय करावं? कसबा पेठ आणि मंडई दोन्ही स्थानकं ऐन मिरवणुकीच्या भागात, २०२४ च्या सप्टेंबरपासून चालू.

स्टेकंट्रोल

तिथे गेटपेक्षा रस्त्यावर काम आहे. आत येणारे आणि बाहेर पडणारे एकाच दारातून जाऊ द्यायचे नाहीत. एक दार फक्त उतरणाऱ्यांचं, दुसरं फक्त चढणाऱ्यांचं, आणि जागा नसेल तर एक स्थानक उतरायला व शेजारचं चढायला. फलाट भरला की प्रवेशाची गेटं मिनिटभर बंद, हॉल भरला की रस्त्यावरचं शटर अर्धं. भुयारी स्थानकात गर्दी खाली साचू द्यायची नाही, ती रस्त्यावरच थांबवायची.

तिकिटासाठी खिडकीवर रांग नको. पट्ट्यात बसवलेली हातातली यंत्रं घेऊन चार-पाच जण रांगेतच कागदी क्यूआर विकत फिरवायचे, परतीचं तिकीट आग्रहाने द्यायचं. रात्री दर्शन करून दमलेली माणसं परत येतात तेव्हा मोबाईलची बॅटरी संपलेली असते. ज्यांचं क्यूआर मोबाईलमध्येच अडकलं त्यांच्यासाठी रुंद गेटपाशी मोबाईल चार्जरच्या दोन-तीन वायरी ठेवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका वायरीने ग्राहक सेवा कक्षापुढची निम्मी भांडणं मिटतात.

कसबेकर

वायरीची सूचना पुढे पाठवतो. टाइप-सी आणि जुनी, दोन्ही ठेवायला सांगतो.